एका तिकिटावर दोघी

"एकच द्या," माई म्हणाल्या.

खिडकीतल्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या खांद्यावरच्या जुईकडे.

"एकच? जाणार कोण?"

"दोघी."

"आजी, एका तिकिटावर एकच माणूस."

"एका वेळी एकच जाईल की. मध्यंतरापर्यंत मी, मध्यंतरानंतर ही. तान्ह्या पोराला तुम्ही आत घेत नाही, मग कुणीतरी बाहेर थांबायला लागणारच. तुमच्या खुर्चीवर एक माणूस बसल्याशी कारण."

हे माईंनी, माझ्या सासूबाईंनी, कधी ठरवलं होतं, मला माहीत नव्हतं. घरातून निघताना आम्ही सगळ्यात मागची, पाचशेची दोन तिकिटं घ्यायची आणि जुईला शेजारच्या परांजपेवहिनींकडे ठेवायची असं बोललो होतो. पण पाचशेची तिकिटं पहिल्याच दिवशी संपली होती. आता बाराशेची आणि अडीच हजारांची राहिली होती. तो फलक वाचून मी घरी जायला वळलेच होते.

"आमच्या गावी उत्सवाला ही चंद्रप्रभा फुकट गायची," माई त्या माणसाला म्हणाल्या. "दत्ताच्या देवळात. खाली सतरंजीवर बसून."

"तेव्हा फुकट गायच्या म्हणून जन्मभर फुकटच गायचं का, आजी?"

मला वाटलं, माई आता त्याला झापतील. पण त्या म्हणाल्या, "तेही खरंच आहे. फुकट गायची तेव्हा लोक शेंगा फोडत ऐकायचे. टरफलं तिच्या अंगावर उडायची."

तो माणूस पहिल्यांदा हसला. "अर्धं तिकीट जपून ठेवा. मध्यंतरानंतर तेवढंच बघतात. हातात कुणाच्या आहे ते नाही बघत."

मला आठवतं, परत येताना मी माईंना काहीच विचारलं नाही. आमच्यात विचारण्या-सांगण्याचं नातं नव्हतं तेव्हा. हृषी, म्हणजे माझा नवरा, लग्नानंतर वर्षभरात मस्कतला गेला होता. माझं माहेर अमरावतीचं. बाळंतपण करून आईने मला सांगलीला आणून सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली त्या क्षणापासून तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत मी, माई आणि जुई. दिवसभरात आमच्यात जे बोलणं व्हायचं ते सगळं जुईच्या भोवतीचं. शेक झाला का. टाळू भरली का. पाणी तापलंय. हिला ढेकर काढ. संध्याकाळी माई गॅलरीत जाऊन बसायच्या आणि मी आत पलंगावर. मधल्या दाराचा पडदा वाऱ्याने हलायचा, तेवढीच हालचाल.

आणि जुई झोपायची नाही. पाजून खांद्यावर घेतलं की डोळे टक्क उघडे. मीही झोपत नव्हते. एका कानात मोबाईलची वायर घालून बसायचे, दुसरा कान जुईसाठी मोकळा. त्या एका कानात चंद्रप्रभा वागळे गायच्या. त्यांच्या भैरवीतल्या एका भजनाचं ध्वनिमुद्रण होतं, "आता उरले पाऊल एक." सहा मिनिटांचं. मी ते किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. सहा मिनिटांनी ते तुटल्यासारखं संपायचं. मला कुणीतरी सांगितलं होतं की समोर बसलेली माणसं असली की बाई ते अर्धा-अर्धा तास गातात, आणि शेवटच्या ओळीवर आल्या की ती ओळ संपूच देत नाहीत. त्या न संपणाऱ्या ओळीसाठी मी जीव टाकत होते. रडण्यापेक्षा ते बरं होतं.

माईंना ते कानातलं आवडत नसावं असं मला वाटायचं. "कानात बोंडं घालून बसलीयस, पोर रडली तर कळेल का?" असं एकदा म्हणाल्या होत्या. नंतर नाही म्हणाल्या.

मग एके दिवशी भाजी निवडताना, मान वर न करता, त्यांनी सांगितलं, "ती चंद्रप्रभा येतेय. रविवारी सकाळी. नव्या नाट्यगृहात."

"तुम्हाला माहितीये त्या?"

"मला?" माई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला विचार. ती गावात गायली त्या सकाळी मी याला पोटात घेऊन तिसऱ्या रांगेत बसले होते."

हृषीला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाराशे? कौमुदी, अगं सगळं मोबाईलवर पडलंय फुकट."

"मोबाईलवर सहा मिनिटांत संपतं."

"मग परत लाव."

त्याचं काही चुकत नव्हतं. तिकडे त्याच्या खोलीत चौघं राहत होती आणि जेवण तो स्वतःच्या हाताने करत होता. पण फोन ठेवल्यावर मला इतकं एकटं वाटलं की मी जुईच्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

रविवारी रिक्षात माईंनी जुईला मांडीवर घेतलं होतं. स्वतःच्या जुन्या इरकलीचं, पिवळं, लाल काठाचं दुपटं त्यांनी तिच्यासाठी शिवलं होतं, तेच गुंडाळलं होतं. त्या दिवशी माई खूप बोलल्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"आम्ही आदल्या दुपारीच देवळात जाऊन जागा धरायचो. पंचा टाकायचा, नाहीतर पिशवी. एकदा माझ्या भावाने नुसता हातरुमाल टाकला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो तर सगळं देऊळ भरलेलं आणि मधोमध रुमालाएवढी जागा मोकळी. गावचा पाटील मागे खांबाला टेकून उभा होता, पण तिथं नाही बसला. धरलेली जागा म्हणजे धरलेली जागा."

"आता नंबर असतात, माई. धरायला लागत नाही."

"हो. पैसे मोजले की नंबर." त्यांनी रिक्षाबाहेर पाहिलं. "बरं आहे म्हणा एका परीनं. तेव्हा बायकांना खांबामागे बसवायचे. आता बाराशे दिले की कुणी विचारत नाही, बाई की बुवा."

"पण ज्यांच्याकडे नाहीत बाराशे?"

"त्यांनी खांबामागे," माई म्हणाल्या. "खांब तेवढा बदलला."

रिक्षावाला आरशातून म्हणाला, "काकू, क्रिकेटचं पण तसंच झालंय."

नाट्यगृहाच्या दारात आम्ही उभ्या राहिलो. ठरलं होतं ते असं. जुईची प्यायची वेळ पहिल्या भागात येते, म्हणून त्या वेळी मी बाहेर. पोट भरलं की ती माईंकडे राहील, आणि मी मध्यंतरानंतर आत. भैरवी शेवटीच असते, तेव्हा मला माझं मिळेल. माईंना सकाळचा पहिला राग ऐकायचा होता, त्यांना त्यांचं. दोघींचं एका तिकिटात भागत होतं.

"आत गार असतं म्हणे," मी म्हटलं आणि जुईच्या अंगावरचं दुपटं काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं. बाहेर ऊन चढायला लागलं होतं, जुईला त्याची गरज नव्हती.

"हे काय, मी काय तान्ही आहे?" पण त्यांनी ते काढलं नाही. पदराखाली हाताने घट्ट धरून त्या आत गेल्या. दाराशी वळून म्हणाल्या, "कौमुदी, त्या झाडाखालीच थांब गं. शोधायला लावू नकोस मला."

इमारतीच्या बाजूला कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता. तिथून बाजूचं दार दिसायचं. दार उघडलं की आतला तंबोरा पाण्यासारखा बाहेर यायचा आणि बंद झालं की तुटायचा. दारावर खाकी कपड्यांतले एक गृहस्थ होते. उशिरा आलेल्यांना ते कुरकुरत आत सोडत होते.

पुष्कळ उशिरा एक जोडपं आलं. तिच्या साडीला इस्त्रीचा वास, त्याच्या हातात गाडीची किल्ली. सोनेरी कडेचे पास दाखवून आत गेले. मी जुईला पाजून होईपर्यंत ते बाहेर आलेही.

"काय हो, संपलं का?" मी घाबरून विचारलं.

"छे, अजून तेच चाललंय. आ, आ, आ," तो म्हणाला. ती त्याच्या दंडावर मारत हसली. "आम्हाला नाश्त्याला जायचंय. यांच्या कंपनीने पास दिलेत ना."

ते गेले. मी उठून दारापाशी गेले.

"दादा, आत जागा रिकाम्या आहेत का?"

"पुढच्या दोन रांगा जवळजवळ मोकळ्याच आहेत."

"मग कुणी मागचे लोक बसतात का पुढे?"

"कसे बसतील? त्या पासवाल्यांच्या आहेत."

"ते आले नाहीत तर?"

"नाही आले तरी त्यांच्याच."

माझ्या चेहऱ्याकडे बघून ते जरा वरमले. "मला सांगून काय उपयोग, ताई? माझी पोरगी गाणं शिकते. तिलासुद्धा नाही आणता आलं. आत सोडणारा मीच, पण कुणाला सोडायचं ते माझ्या हातात नाही."

"मध्यंतर कधी आहे?"

"बाईंच्या मनात येईल तेव्हा. होईल आता."

मी बाकावर येऊन बसले. जुई झोपली होती. ती अशी दिवसाढवळ्या, उघड्यावर, माझ्या मांडीवर, कपाळावरच्या आठ्या सोडून झोपली होती, आणि मला वाटलं, आता मध्यंतर झालं की मी किती हलकी उठून जाईन. खुर्चीवर बसेन. दोन्ही हात मोकळे. दोन्ही कान मोकळे. कितीतरी दिवसांत माझे दोन्ही कान एका वेळी माझे नव्हते. दार उघडलं, आवाजाचा एक तुकडा आला, दार बंद झालं. मी डोकं झाडाला टेकवलं.

गाडीचं दार आपटलं म्हणून जागी झाले.

समोरून माणसं चालली होती. पुष्कळ माणसं, एकदम, एकमेकांशी बोलत. कुणी चपला शोधत होतं. ऊन माझ्या पायांवरून सरकून पलीकडे गेलं होतं. मांडीवर जुई नव्हती.

माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असणार, कारण शेजारून माई म्हणाल्या, "आहे गं. माझ्याकडे आहे."

बाकाच्या टोकाला त्या बसल्या होत्या. मांडीवर जुई, जागी, त्यांच्या अंगठीशी खेळत.

"मध्यंतर झालं?"

"संपलं, कौमुदी."

"काय संपलं?"

"मध्यंतर घेतलंच नाही बाईंनी. सलग गायल्या."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. सभोवती लोक भैरवीबद्दल बोलत होते. दोन बायका एकमेकींचा हात धरून न बोलता चालल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "आता काही ऐकायला नको."

"तुम्ही तरी ऐकलंत," मी म्हटलं.

माईंनी मान हलवली. हो की नाही, ते त्या हलण्यात नव्हतं.

"शेवटी तेच गायल्या का? उरले पाऊल?"

"तेच."

"किती वेळ?"

"घड्याळ कुठं बघितलं मी." त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, थांबून, मग उठल्या. "चल, ऊन झालं."

"शेवटची ओळ कशी घेतली त्यांनी?"

"आता तसं कुठं लक्षात राहतंय."

हे त्यांचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. रेडिओवर एखाद्याने जागा चुकवली की स्वयंपाकघरातून "हं, घसरला" म्हणणारी ही बाई. मला वाटलं, त्यांना सांगायचंच नाही. जे त्यांनी एकटीने घेतलं ते त्यांना वाटून द्यायचं नाही. मी जुईला घ्यायला हात पुढे केले, तेव्हा दिसलं की त्यांच्या उजव्या तळहाताला गुलाबी रंग लागला होता. घामाने तिकिटाचा कागद विरघळून लागलेला. मनात आलं, बघ, अर्धं तिकीट कसं मुठीत धरून ठेवलं.

रिक्षात बसल्यावर जुईला गुंडाळायला काही सापडेना.

"दुपटं कुठंय?" मी विचारलं.

"राहिलं वाटतं आत."

"मग आणायचं ना. मी आणते."

"राहू दे. कुलूप घालत होते. दुसरं शिवते मी."

रिक्षावाला सकाळचा नव्हता.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण भांडायला काय होतं? बाईंनी मध्यंतर घेतलं नाही यात माईंचा काय दोष? आत बसलेल्या माणसाने, आयुष्यात पुन्हा न मिळणाऱ्या गाण्यातून उठून बाहेर यायला हवं होतं, असं कुणाला तोंडाने म्हणता येतं? मी नाही म्हणाले. फक्त कानात वायर घालणं बंद केलं. "उरले पाऊल" कुठे लागलं तर खोलीतून निघून जायचे. माईंनी दुसरं दुपटं शिवलं, निळं. मी ते वापरलं. त्या रविवारबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, आणि न बोललेली गोष्ट घरात एखाद्या जड कपाटासारखी असते. तिच्या बाजूने जायची सवय होते, एवढंच.

हृषी परत आला. घर बदललं. जुई शाळेत जायला लागली. मागच्या वर्षी धाकटा, कबीर झाला आणि पुन्हा तेच. टाळू, शेक, टक्क उघडे डोळे. फरक इतकाच की आता माईंना कमी ऐकू येतं, म्हणून बोलणं आणखी कमी झालं. त्या जुईची वेणी घालतात, कबीरच्या लंगोट्या घडी करतात आणि खिडकीशी बसतात. मी माझ्या खोलीत.

चंद्रप्रभाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतरच्या तिकिटांची चर्चा मी वाचली होती. त्यांच्या स्मृतीचा म्हणून जो कार्यक्रम झाला त्याला पहिल्या रांगेत सोफे होते आणि दर पाहून माझी मैत्रीण म्हणाली, "बाईंना स्वतःला परवडलं नसतं गं." मग गेल्या आठवड्यात कुणीतरी मला एक चित्रफीत पाठवली. त्या रविवारची. नाट्यगृहवाल्यांनी तेव्हा केलेलं सगळं चित्रीकरण सापडलं आणि त्यांनी ते पूर्णच्या पूर्ण, कुणालाही, फुकट बघायला टाकलं होतं.

दोन दिवस मी ते उघडलं नाही. काल दुपारी जुई शाळेत होती, कबीर पिता पिता झोपला. त्याचं डोकं दंडावर तसंच ठेवून मी एका हाताने मोबाईल उशीला टेकवला आणि लावलं.

बाई मला वाटल्या होत्या त्यापेक्षा लहानखुऱ्या दिसल्या. पहिला राग. कॅमेरा मधूनच प्रेक्षकांवर फिरायचा. पुढच्या दोन रांगा खरंच ओस होत्या. आणि मग, सातव्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला, माई. आजच्यापेक्षा सरळ पाठीच्या. खांद्यावर पिवळं दुपटं. डोळे मिटलेले, आणि उजवा हात मांडीवर ताल धरत असलेला. असा चेहरा मी त्यांचा घरात कधी पाहिला नव्हता. मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. मी चित्र थांबवून बघत राहिले.

राग संपला. टाळ्या झाल्या. बाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मंडळी, आज मध्यंतर घेत नाही. एकदा उठले की हे गुडघे मला परत मांडी घालू देत नाहीत. चहा ज्याचा त्याने मनातल्या मनात घ्यावा." लोक हसले. कॅमेरा हसणाऱ्या लोकांवरून फिरला. सगळे बसलेले होते, फक्त सातव्या रांगेत एक बाई उठून उभी राहिली होती. तिने खांद्यावरचं दुपटं काढलं. खुर्चीवर पसरलं. कडा नीट केल्या, वरून एकदा हात फिरवला, आणि पदर सावरत, वाकून, मधल्या वाटेने दाराकडे निघाली.

पुढे मी गाणं ऐकलं नाही. कॅमेरा कधी प्रेक्षकांवर येतो, एवढंच बघत होते. तो यायचा, जायचा. दर वेळी सातव्या रांगेत लाल काठाचं पिवळं दुपटं. एकदा मागून एक माणूस वाकून पुढे आला, मोकळी खुर्ची बघून बसायला गेला, दुपटं दिसलं आणि तसाच उलट पावली मागे गेला. बाराशेची खुर्ची, आणि तिच्यावर माझ्यासाठी टाकलेलं फडकं. भैरवी सुरू झाली तेव्हाही ते तिथे होतं. शेवटच्या ओळीवर बाई आल्या, आणि लोकांनी म्हटलं होतं ते खरं होतं, त्या ती ओळ संपू देत नव्हत्या. एकाच शब्दावर परत परत येत होत्या, जणू दाराशी येऊन कुणाला शोधत होत्या. ओळ संपली, लोक उभे राहिले, आणि उभ्या राहिलेल्या माणसांच्या पायांमधून मला ते दुपटं दिसलं. कुणी उचललं नाही.

कबीर हलला. मी त्याला उशांमध्ये ठेवलं आणि बाहेर गेले. माई खिडकीशी लसूण सोलत होत्या.

"माई, तुम्ही त्या दिवशी उठवलं का नाही मला?"

"अं?"

मी जवळ जाऊन, मोठ्याने विचारलं. कुठला दिवस ते मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

त्यांनी हातातली पाकळी सोलून पूर्ण केली. "उठवणारच होते. तिकीट हातात घेऊनच आले होते धावत. तर तू तोंड उघडं टाकून झोपलेली. जुईसारखी. आणि ती तुझ्या मांडीवरून सरकत चाललेली. म्हणून तिला उचललं." त्यांनी दुसरी पाकळी घेतली. "तीन महिन्यांत तुला तशी झोपलेली पाहिली नव्हती मी. म्हटलं, एक गाणं झोपू दे. मग उठवू. मग म्हटलं, अजून एक."

"मग तुम्ही तरी आत जायचं परत."

"पोर कुणाकडे देऊ? त्या दारवाल्याकडे?"

"आणि मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? तू झोपलीस म्हणून हुकलं, असं? तुला आणखी वाईट वाटलं असतं." त्यांनी सालं गोळा केली. "माझ्यावर रागावलीस ते बरं होतं. राग जातो."

मला त्यांना सांगायचं होतं की तो गेला नव्हता. पण त्यांना ते माहीत होतं.

"आत या," मी म्हटलं.

पलंगावर कबीर आडवा पसरला होता. मी त्याला अलगद भिंतीकडे सरकवलं, त्याच्या पायाखालचं निळं दुपटं ओढून घेतलं आणि मोकळ्या झालेल्या जागेवर घातलं. माई बसल्या. वायरीचं एक टोक मी त्यांच्या बऱ्या कानात बसवलं, एक माझ्या कानात, आणि बाई पाणी प्यायल्या तिथपासून लावलं.

गुडघ्यांचं वाक्य आलं तसा त्यांनी हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. मग पडद्यावर ती रांग आली. माई पुढे झुकल्या, डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"बघ," त्या म्हणाल्या, "कुणी नाही बसलं."

मग थोड्या वेळाने, "आवाज वाढव गं जरा."

मी वाढवला.